काटा समिती

तो काटा बोटाच्या एका पेराहून थोडा लांब होता. रंग वाळल्या गवताचा, टोकाशी किंचित वाकडा. भिंगाखाली धरल्यावर मात्र तो एकसंध दिसेना. एकावर एक रचलेल्या बारीक चकत्या दिसत होत्या, आणि प्रत्येक चकती मधोमध जराशी फुगीर होती. काट्याला असे सांधे नसतात. शिवाय ज्या फडीवर तो उभा होता, तिच्यावर काटा असण्याचं काही कारणच नव्हतं. ती 'निष्कंटक' वाणाच्या बिनकाट्याच्या निवडुंगाची फडी होती.

मी भिंग खाली ठेवलं तेव्हा डॉ. उपासनी माझ्या खांद्यामागून बघत होते.

"काटा?" त्यांनी विचारलं. आवाज इतका खाली, की घरात कुणाला देवी आल्यासारखा.

"काटा नाही, सर. अंडी आहेत. कुठल्यातरी पतंगाची. मादी एकाला एक चिकटवून घालते, म्हणून काट्यासारखी दिसतात."

"सबनीसबाई, तुम्ही पडलात कीटकशास्त्राच्या. तुम्हाला फोडणीतली मोहरीसुद्धा अंडीच वाटत असणार."

"भिंगातून बघा ना."

"मी वनस्पती-प्रजननाचा माणूस आहे. मला काटा बघायला भिंग लागत नाही," असं म्हणून ते तडक डॉ. कोळेकरांच्या खोलीकडे गेले. केंद्रात वाईट बातमी सगळ्यात आधी सांगण्याचा मान त्यांनी कधी कुणाला दिला नाही.

माणदेशातल्या एका माळावर आमचं चारा संशोधन केंद्र होतं. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तिथे नव्याने लागले होते आणि अधिकाऱ्यांमध्ये एकटीच बाई होते. डॉ. रघुनाथ कोळेकर केंद्रप्रमुख. मेंढपाळाच्या घरातला माणूस. दुष्काळात त्या भागात दुसरं काही उरत नाही तेव्हा लोक बांधावरचा, कुंपणाचा फड्या निवडुंग तोडतात, जाळावर धरून काटे भाजून काढतात आणि मेंढरांना घालतात. एखादा काटा राहिला तर जनावराचं तोंड सडतं. लहानपणी कोळेकरांनी हे फार पाहिलं होतं. म्हणून बिनकाट्याचा निवडुंग काढायचा हे त्यांनी मनात घेतलं, आणि अर्धं आयुष्य त्यात घातलं. त्यातून 'निष्कंटक' झाला. वाण खरोखर चांगला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकताना ते विसरायला होतं.

कोळेकरांना दोन सवयी होत्या. रोज सकाळी ते प्लॉटमध्ये फेरी मारत आणि कलिंगडवाला वाजवतो तशी एकेक फडी बोटाने वाजवत जात. आणि कुणी काहीही विचारलं की "बघू" म्हणत. रजेचा अर्ज, पंपाची दुरुस्ती, कुत्र्यांचा बंदोबस्त, सगळ्याला "बघू". बरेचसे प्रश्न त्या काळात आपोआप सुटत, काही निवृत्त होत. स्वतः कोळेकरही त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. दोन वर्षांच्या मुदतवाढीचं बोलणं वर चाललं होतं आणि ती मंत्र्यांच्या हातात होती. मंत्री फाल्गुनात 'निष्कंटक'चं लोकार्पण करायला येणार होते. चार तालुक्यांतल्या मेंढपाळांना फड्या वाटायच्या होत्या.

अशा वेळी बिनकाट्याच्या निवडुंगावर काटा सापडला. समिती नेमली जाणं भाग होतं.

समितीचं नाव 'निष्कंटक वाणातील काटा-पुनरागमन अभ्यास समिती'. सगळे तिला काटा समिती म्हणत. अध्यक्ष उपासनी. सदस्य म्हणून एक मृदाशास्त्रज्ञ, आणि गणपूर्ती होईना म्हणून लेखापाल. मी नव्हते. कीटकशास्त्राचा विषय नाही, असं उपासनींनी ठरवलं होतं. मला निमंत्रित म्हणून बसवलं आणि चहा आल्यावर कप पुढे सरकवायची खूण केली.

तोवर आणखी काटे सापडले होते. उपासनींनी प्रत्येकाची लांबी मोजली. मोजताना एक काटा मोडला आणि त्याचा टेबलावर भुगा झाला. मी म्हटलं, "बघा, काटा असा मोडतो का?"

उपासनींनी भुगा बोटावर घेऊन पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"ठिसूळ काटा!" ते म्हणाले. "म्हणजे काटा आलाय, पण टोचण्याची ताकद राहिलेली नाही. हे सरांच्या संशोधनाचंच यश आहे. लिहून घ्या."

लेखापालांनी लिहून घेतलं.

मी एक काटेरी, म्हणजे अंड्यांची, फडी काचेच्या मोठ्या बरणीत घालून वर मलमल बांधली आणि माझ्या टेबलावर ठेवली. तीनेक आठवड्यांनी एका सकाळी त्या काट्यातल्या अंड्यांची टोपणं उघडली आणि एकामागून एक अळ्या बाहेर आल्या. त्या इकडेतिकडे पांगल्या नाहीत. एकाच ठिकाणी जमल्या, एकच भोक पाडलं आणि त्यातून सगळ्या रांगेने आत गेल्या. भोकातून हिरवट डिंक पाझरायला लागला. मी बरणी उचलून कोळेकरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. उपासनी तिथेच बसले होते.

"सर, काट्यांतून अळ्या निघाल्या."

कोळेकरांनी बरणीकडे पाहिलं आणि लगेच खिडकीकडे पाहिलं.

"बरणीत निघाल्या," उपासनी म्हणाले. "शेतात नाही. बरणीत काय, भातालासुद्धा किडे होतात."

"शेतातही भोकं पडलीत. डिंक गळतोय."

"तो रसाळपणा. बाई, दुष्काळी भागात फडी पाझरतेय याचा आनंद व्हायला हवा, तर तुम्ही सुतकी तोंड करून आलात."

"सर," मी कोळेकरांना म्हटलं, "ही कीड आपल्याकडची नाही. वाळवंटी मुलखातला पतंग आहे. त्याची अळी निवडुंगावरच जगते. आतून पोखरून फडीचं नुसतं टरफल ठेवते. काटे आहेत की नाहीत याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. फड्या वाटल्या तर ती गावागावात जाईल आणि कुंपणाचा साधा निवडुंगही संपेल. दुष्काळात मेंढरांना तोही उरणार नाही. अजून प्लॉटबाहेर गेलेली दिसत नाही. आत्ताच सगळा प्लॉट उपटून जाळला तर थांबेल."

"जाळायचा?" उपासनी खुर्चीतून अर्धे उठले. "लोकार्पणाच्या तोंडावर?"

कोळेकर म्हणाले, "बघू."

मी तेच लेखी दिलं. त्यावर शेरा आला, 'चर्चा करावी.' चर्चा झाली. तीत मांडव कुठल्या बाजूला घालायचा ते ठरलं. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा 'चर्चा करावी.' मग मी थेट आमच्या कृषी विद्यापीठाला कळवलं. तिथून उत्तर आलं की वाणाचा प्लॉट नष्ट करण्याचा अधिकार फक्त केंद्रप्रमुखांचा, तरी प्रस्ताव त्यांच्यामार्फत पाठवावा. तो कोळेकरांकडे आला आणि त्यांनी त्यावर काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

मला राग येत होता, पण त्याहून एका गोष्टीचं नवल वाटत होतं. कोळेकरांनी सकाळची फेरी बंद केली होती. ते गाडीतून येत, सरळ खोलीत जात आणि प्लॉटकडची खिडकी लावून घेत. गुडघा दुखतो, असं शिपायाला सांगितलं होतं. पण जिना मात्र ते पूर्वीसारखाच चढत.

समारंभाच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सर, एकदा माझ्याबरोबर प्लॉटमध्ये चला. मग तुम्ही म्हणाल ते करीन."

ते आले. बाहेर मांडवाचे बांबू ठोकणं चाललं होतं. प्लॉट लांबून हिरवागार दिसत होता. उपासनींनी पुढच्या रांगांवरचा डिंक ओल्या फडक्याने पुसून घेतला होता. मी तिसऱ्या रांगेतली एक फडी उन्हाकडे धरली. पलीकडच्या बांबूंच्या सावल्या तिच्यातून दिसत होत्या.

"वाजवून बघा, सर."

त्यांनी हात पुढे केला नाही.

"कोपऱ्यातल्या त्या जाड फड्या मी कुठून आणल्या, माहिती आहे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

ते सगळ्या केंद्राला माहिती होतं. आदल्या वर्षी कोळेकर परदेशात एका परिषदेला गेले होते, तिथल्या वाळवंटातल्या फड्या त्यांनी 'निष्कंटक'च्या कामासाठी बॅगेत बायकोसाठी घेतलेल्या शालीत गुंडाळून आणल्या होत्या, आणि विमानतळावर विचारल्यावर "पथ्याची भाजी आहे" म्हणून सांगितलं होतं. उपासनी हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि शेवटी म्हणत, "याला म्हणतात निष्ठा!" पाहुणे टाळ्या वाजवत. मीही एकदा वाजवल्या होत्या.

"माहिती आहे," मी म्हटलं.

"रीतसर आणल्या असत्या तर तपासणीत वर्ष गेलं असतं. माझ्याकडे वर्ष नव्हतं." त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. "तिथल्या माणसाने मला असला काटा दाखवला होता. हातात दिला होता. हा काटा नाही, पतंगाची अंडी आहेत, म्हणाला. आमच्याकडे या पतंगाला खाणारे दुसरे किडे आहेत म्हणून निभतं, असंही म्हणाला. फड्या बांधताना मी एकेक फडी उलटून बघितली. वर काही नव्हतं. आत बघायचं राहिलं."

मी फडीवरचा हात काढला.

"उपासनी धावत आला आणि काटा काटा करायला लागला, तेव्हाच मला कळलं."

"तेव्हाच?"

"समितीवर सही केली तेव्हाही माहिती होतं."

"मग काटा समिती कशाला, सर?"

"काटा परत आला असता तर माझं संशोधन फसलं असतं, एवढंच. लोक म्हणाले असते, कोळेकराला जमलं नाही. ते चाललं असतं मला." बोटाने त्यांनी चष्म्याच्या कडेखालचा घाम पुसला. "मेंढरांचं तोंड वाचवायला निघालेल्या माणसाने त्यांच्या तोंडचा घास घालवला, हे कसं सांगायचं, ते सांगा तुम्ही. आमची आक्का उद्या येणार आहे पहिली फडी घ्यायला. मला तिने वाढवलंय."

"मग आज जाळू या. आत्ता. मी माणसं बोलावते."

बांबू ठोकणारा वरून ओरडला, "साहेब, कमान हिकडं घ्यायची का तिकडं?"

"बघू," कोळेकर म्हणाले. ते त्याला होतं की मला, मला कळलं नाही. ते परत फिरले.

दुसऱ्या दिवशी मला काम होतं ते औक्षणाचं. वीस वर्षं शिकून मी कीटकशास्त्रात डॉक्टरेट घेतली होती, आणि कमानीखाली ताट घेऊन उभी होते. उपासनींनी सकाळीच बजावलं होतं, "बाई, आज हसऱ्या चेहऱ्याने. आणि अळीचं नाव काढायचं नाही." प्लॉटमागे दोन टेम्पो फड्या भरून तयार उभे होते. तळाच्या फड्या दाबाने फुटून हिरवा चिकटा चाकांवर ओघळला होता. त्यावर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या.

मंत्री उतरले. मी कुंकू लावताना हळूच म्हटलं, "साहेब, वाटायच्या फड्यांमध्ये कीड आहे. आज वाटू नका."

"कीड कुठं नाही, बाई?" ते मोठ्याने म्हणाले. "तीच काढायला तर आम्ही आलोय." मागची मंडळी हसली. कुणीतरी टाळीही दिली. ते पुढे गेले आणि मी ताटातली ज्योत विझू नये म्हणून हात आडवा धरून तशीच उभी राहिले.

लोकार्पण म्हणजे मंत्र्यांनी कोयत्याने फडी कापायची आणि ती सजवलेल्या एका मेंढ्याला खाऊ घालायची, असं ठरलं होतं. फडी टेबलावर ठेवली होती. मंत्र्यांनी कोयता चालवला. कापायला काही लागलंच नाही. भिजलेला पुठ्ठा दुभंगावा तशी ती उघडली आणि आतून निळसर, पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्यांचा एक घोळका टेबलावर सांडला.

मेंढ्याने पुढे येऊन वास घेतला आणि मंत्र्यांच्या गळ्यातला हार खायला सुरुवात केली.

"हे काय?" मंत्र्यांनी विचारलं.

प्रश्न कोळेकरांना होता. उपासनी वाकून पुढे झाले.

"प्रथिनं, साहेब."

"म्हंजे?"

"नुसत्या निवडुंगात प्रथिनं कमी. ही आमची... म्हणजे केंद्राची जोड आहे. नैसर्गिक पूरक आहार. चाऱ्यातच."

मंत्र्यांनी एक अळी काडीने उलटी केली. मग ध्वनिक्षेपकाकडे वळले.

"बंधू-भगिनींनो, आजवर सरकार तुम्हाला चारा देत होतं. आज चाऱ्यात प्रथिनंही देतंय! आणि वर एक पैसा जास्त नाही!" टाळ्या पडल्या. "अशा शास्त्रज्ञाला आपण घरी बसू देणार नाही. डॉक्टर कोळेकरांना दोन वर्षांची मुदतवाढ मी याच मंचावरून जाहीर करतो!"

टाळ्या जास्त पडल्या. उपासनींनी दोन्ही हातांनी कोळेकरांचा हात धरून हलवला. मी ताट खाली ठेवलं आणि मंचाच्या पायरीपर्यंत गेले. तिथे उभ्या कार्यकर्त्याने माझ्या हातात पुष्पगुच्छ दिला. "बाई, जरा धरा. नाव पुकारलं की द्या."

नाव पुकारलं गेलं ते पहिल्या लाभार्थीचं. हौसाबाई कोळेकर. डोक्यावर पदर, पायांत जाड वहाणा, उन्हाने रापलेला चेहरा. ती पायऱ्या चढली, मंत्र्यांना नमस्कार केला, आणि मंत्र्यांनी दिलेली नवी, वरून धड दिसणारी फडी दोन्ही हातांत घेतली. छायाचित्रकार पुढे सरसावले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती भावाकडे वळली. ध्वनिक्षेपक दोघांच्या मधेच होता, त्यामुळे पुढचं सगळं मांडवाला ऐकू आलं.

"रघू, ही कुठं लावू रं?"

कोळेकरांनी फडीवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"कुपणाच्या निवडुंगाला लागून लावते. थितं वल असती जरा. लावू न्हवं?"

"आक्का..."

"अरं बोल की. भाषणं लई झाली, आता कामाचं बोल. खाली बाया थांबल्यात. हौसाक्का लावंल तर आमी लावू म्हनत्यात. म्या म्हनलं, माझ्या भावानं केलंय, इचारायचं काय त्यात!"

खाली बायका हसल्या. मंत्रीही हसले. "घ्या, आक्का, बिनधास्त लावा!"

"तुमास्नी न्हाई इचारलं, सायेब. तुमी उद्या दुसरीकडं जाल." आता मांडवभर हसू झालं. "रघू, लावू का नको? एकच सांग."

"बघू..." असं कोळेकरांच्या तोंडून निघालं आणि अर्ध्यावर थांबलं.

"बघू काय? पाऊस पडल्यावर बघशील? मेंढरं कुपणाकडं बघून जगत्यात माझी."

कोळेकरांनी पुढे होऊन तिच्या हातातली फडी धरली. उपासनींना वाटलं, छायाचित्रासाठी. त्यांनी चटकन मंत्र्यांचा हात फडीवर ठेवला आणि आपलाही ठेवला. क्षणभर चौघं जण ती एक फडी धरून उभे राहिले आणि खालून कॅमेरे चमकले. मग कोळेकरांनी ती ओढली. उपासनी सोडेनात. कोळेकरांनी पुन्हा ओढली, जोर लावून, आणि फडी मधोमध फाटली. आतला चिकटा मंत्र्यांच्या बाहीवर उडाला. हौसाक्काने पदराने आपले हात पुसले आणि ती भावाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सर, मुदतवाढ..." उपासनी दाताआडून म्हणाले. तेही मांडवाला ऐकू गेलं.

कोळेकरांनी फाटकी फडी पायाशी टाकली. ध्वनिक्षेपक जवळ घेतला. आवाज घोगरा होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचला.

"लावू नको, आक्का. कुणीच लावू नका. यात कीड आहे, आणि ती मी आणलीय. सबनीसबाई, माणसं बोलवा. टेम्पोतल्या फड्यांसकट सगळा प्लॉट आजच्या आज जाळायचा."